अभंगातला ख्रिस्त

ख्रिस्ती धर्म म्हणजे साहेबाचा धर्म, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चरित्र तो खोडून काढते. १८६१ साली कोकणातील करजगावी जन्मलेल्या टिळकांना नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत संसाराला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. परंतु धर्म बदलला तरी वाणी मराठीच राहिली. पोंभुर्ण्याच्या भजनात बसणाऱ्यालाही परका वाटू नये असा अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. तथापि परकीय पैशावर पोसलेला धर्म या मातीत रुजावा कसा? १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला; बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तो खुला होता. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. दोनच वर्षांनी काँगोत सायमन किंबांगू यांच्या उपदेशातून स्वतंत्र आफ्रिकी पंथ उभा राहिला. आज जगातील बहुसंख्य ख्रिस्ती युरोप व उत्तर अमेरिकेबाहेर आहेत. त्यांच्या धर्माला परदेशी म्हणण्यापूर्वी, तो कोणत्या भाषेत प्रार्थना करतो आणि कोणाच्या पैशावर जगतो, एवढे तरी पाहावे.