Explained : सहा फुटांचा ‘माणूस’ आला कुठून? ल कॉर्बुझिए यांच्या मोजपट्टीची गोष्ट

वरच्या फळीवरचा डबा हाताला लागत नाही, तेव्हा आपण स्वतःच्या उंचीला नावं ठेवतो. फळीची उंची कुणाच्या हातावरून ठरली, हे मात्र विचारत नाही. चंडीगडचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या आयुष्यात या प्रश्नाचं एक उत्तर सापडतं.

कोण होते ल कॉर्बुझिए?

खरं नाव शार्ल-एदुआर झानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांसाठी प्रसिद्ध गावात. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करायचे. मुलानेही आधी घड्याळावरचं कोरीवकामच शिकलं. १९१७ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले आणि १९२० पासून ल कॉर्बुझिए हे नाव वापरू लागले.

मोजपट्टी कशी तयार झाली?

इमारती माणसाच्या मापाच्या हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९४३ पासून त्यांनी ‘मॉड्युलॉर’ ही मापनपद्धत विकसित केली. आधी तिचा आधार होता १.७५ मीटर उंचीचा पुरुष. पुढे ही उंची १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट झाली. कारणं दोन : फूट-इंचात आकडे नीट बसत होते आणि इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले रुबाबदार पोलिस सहा फुटी असतात, असा मुद्दा त्यांच्या चमूत निघाला होता. या पुरुषाने हात वर केला की उंची होते २.२६ मीटर. मार्सेय शहरात १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या इमारतीत घरांच्या छताची उंची तेवढीच ठेवली गेली.

मग अडचण काय?

या मोजपट्टीला सगळ्या माणसांची पट्टी म्हटलं गेलं. पण तिच्यात बाई नव्हती, मूल नव्हतं, म्हातारं माणूसही नव्हतं. यात कुणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नसते. ‘माणूस’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो, नकळत होणारा पूर्वग्रह तो हाच. मनात असतो तोवर तो बदलता येतो. काँक्रीटमध्ये ओतला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

भारताशी संबंध काय?

१९५१ पासून चंडीगडच्या कामातही त्यांनी हीच पट्टी वापरली. तिथल्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भारतातल्या सर्वसाधारण बाईची उंची मात्र पाच फुटांच्या आसपास आहे.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी फ्रान्समध्ये समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. आज प्रत्येक घर त्यांच्या पट्टीने बांधलं जातं असं नाही. पण घर, ऑफिस किंवा बसमध्ये अवघडल्यासारखं वाटलं, तर आपलं शरीर चुकीचं आहे असं मानण्याआधी तिथलं माप कुणाचं आहे, हे एकदा तपासायला हवं.