विश्लेषण : ‘साहेबां’ना तुमचे चुकले असे सांगायचे कसे? सी. डी. देशमुखांनी १९५६ मध्ये काय केले?

बैठकीत निर्णय झालाच नाही, तरी तो आपल्या सर्वांचा म्हणून जाहीर झाला. पटत नसले तरी तो राबवायचा आपणच. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात किंवा चहाच्या टपरीवर मन मोकळे करतात. देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्यावर हाच प्रसंग आला, तेव्हा समोर पंतप्रधान पंडित नेहरू होते.

चिंतामणराव देशमुख कोण होते?

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकून १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी प्रशासकीय सेवा केली. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले.

म्हणजे हा माणूस मुळात चळवळीतला नव्हता. त्यांची सारी घडण फाइलवर नेमकी टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची होती. नेहरूंशी त्यांचे संबंधही चांगले होते. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा नोंदणी विवाह झाला, तेव्हा साक्षीदारांत नेहरू होते. पुढचे बोलणे अवघड होते ते त्यामुळेच.

वाद नेमका काय होता?

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि मुंबई कोणाची, हा प्रश्न पेटला. मराठी भाषकांना मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या अखत्यारीत राहील, असे जाहीर केले. शहरात उद्रेक झाला, पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभरहून अधिक माणसे हुतात्मा झाली.

देशमुख कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. रस्त्यावर जीव जात होते ते त्यांच्याच राज्यात आणि निर्णय होता त्यांच्याच सरकारचा.

पहिला राजीनामा मागे का राहिला?

देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. सभा घेतली नाही की वर्तमानपत्रांत वाच्यता केली नाही. आधी थेट पंतप्रधानांना कळवले. नेहरूंनी त्यांना थांबायला सांगितले. त्याच आठवड्यात खासगी आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला होता आणि ती जबाबदारी देशमुखांच्या खात्याची होती. अर्थसंकल्पही तोंडावर आला होता. देशमुख थांबले.

हे थांबणे सोपे नव्हते. महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींनी पदे सोडावीत, असा दबाव वाढत होता. हा उशीर होता की संयम, यावर आजही दोन मते होऊ शकतात. एवढे खरे, की या काळात मुंबईबाबतचा निर्णय बदलण्याची संधी सरकारला मिळाली होती. ती साधली गेली नाही. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन हे शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील, अशी घोषणा केली. त्यानंतर देशमुखांनी माघार घेतली नाही.

लोकसभेत काय मांडले?

जुलै १९५६ मध्ये राजीनामा मंजूर झाला आणि देशमुखांनी सभागृहात निवेदन केले. त्यात त्यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला कार्यपद्धतीचा : एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न करता जाहीर झाला. दुसरा उत्तरदायित्वाचा : मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. तिसरा सर्वांत बोचरा : महाराष्ट्राविषयी मनात अढी असल्याचे या साऱ्यातून दिसते.

नेहरूंना हे आक्षेप मान्य नव्हते. असे धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानांना अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे या बोलण्यातून समोरच्याचे मतपरिवर्तन झाले नाही. पण मंत्रिमंडळात राहून गप्प बसणे म्हणजे निर्णयाला संमती देणे, हा हिशेब देशमुखांच्या मनात स्पष्ट होता. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या पदाने चुकवली.

पुढे काय झाले?

मुंबई केंद्रशासित झाली नाही. संसदेने ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिकाचा पर्याय स्वीकारला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. याचे श्रेय एका राजीनाम्याला देता येणार नाही. ते लाखोंच्या आंदोलनाचे आहे. पण देशाच्या अर्थमंत्र्यानेच पद सोडल्यामुळे ही केवळ रस्त्यावरची ओरड आहे, असे म्हणणे दिल्लीला अवघड झाले.

देशमुखांचे काय झाले? ते अडगळीत गेले नाहीत. १९५६ मध्येच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या चौकशीसाठी उच्चाधिकार यंत्रणा हवी, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली आणि पुन्हा नेहरूंशी त्यांचा मतभेद झाला. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या नोकरदाराने यातून काय घ्यावे?

प्रत्येकाला राजीनामा परवडत नाही. घराचे हप्ते असतात, मुलांची फी असते. पण देशमुखांची पहिली पायरी राजीनाम्याच्याही आधीची होती आणि ती कोणालाही चढता येते. तक्रार ज्याच्याविषयी आहे, त्यालाच ती आधी सांगायची. तीही मोघम नाराजी म्हणून नव्हे, तर कोणता निर्णय, कोणती पद्धत आणि कोणाचे नुकसान, हे नेमके मांडून. सुधारणेला वेळ द्यायचा. त्यानंतरही काही बदलले नाही, तर आपण कुठवर जाऊ शकतो, हे मात्र बोलायला जाण्यापूर्वीच ठरवलेले असावे.