कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : हातची चाकरी आणि अंगावरचा धंदा

आपल्या समाजातील मुलगा शिकून तयार झाला, की घरातील वडीलधारी मंडळींपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आपले ज्ञान दुसऱ्याच्या कामी लावून ठरलेला मोबदला घ्यावा, की स्वतःचे काही उभारावे? या प्रश्नाला ज्यांनी आयुष्याने उत्तर दिले, ते कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस गेले; परंतु डोळ्यांना काही रंग नीट उमगत नसल्यामुळे त्यांनी यांत्रिक रेखांकन हाती घेतले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक झाले. योग्यता असूनही बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावास वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, असा क्रम लागला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने नांगरांना दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. त्यातच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली.

अशा पडत्या काळी सातारा जिल्ह्यातील औंध येथे देवीच्या देवळापुढील सभामंडपाचे काम त्यांना मिळाले. कसब आपले, पैसा धन्याचा, जोखीम थोडी! अशीच कामे घेत राहते, तर संसार सुखाने चालता. परंतु काम संपले की मिळकतही संपते, आणि मागे कारखाना उरत नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा देऊ केली, तेव्हा लक्ष्मणरावांनी ती पत्करली. सुमारे ३२ एकरांचा तो माळ निवडुंगाने व सापांनी भरलेला होता. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. नांगरापाठोपाठ पंप आले आणि शेकडो घरांच्या चुली पेटल्या. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. वाडी मात्र राहिली.

प्रस्तुत लेखकाने सारी हयात मास्तरकीत घालविली. तिचा त्याला खेद नाही. सर्वांनी नोकरी सोडावी, असेही त्याचे म्हणणे नाही. सभामंडपाचे काम मिळाले नसते, तर लक्ष्मणरावांना तो माळही लाभला नसता. परक्याचे काम ही पायरी आहे. तीवर जन्मभर बसून राहायचे की वर चढायचे, हे घरात मुलगा विचारील, तेव्हा त्याला भिववू नये, इतकीच विनंती.