खलीफा उमर

इस्लाम केवळ तरवारीच्या जोरावर पसरला, असें पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहितात. खलीफा उमर यांचें चरित्र पाहतां हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें.

मक्केच्या कुरैश कुळांत जन्मलेले उमर प्रथम महंमद पैगंबरांचे कट्टर विरोधक होते. पुढें तेच त्यांचे निष्ठावंत अनुयायी झाले. इ. स. ६३४ मध्यें ते दुसरे खलीफा झाले. त्यापूर्वीं पूर्व रोमन व इराणी हीं साम्राज्यें ६०२ पासून ६२८ पर्यंत परस्परांशीं लढून थकलीं होतीं. उलट, आपसांत झगडणाऱ्या अरब टोळ्यांना नव्या धर्मानें एकत्र बांधलें होतें. ६३६ मध्यें यार्मुकच्या लढाईंत रोमन सैन्याचा मोड झाला. सीरिया व मिसर येथील पुष्कळ ख्रिस्ती लोक मतभेदापायीं रोमन सत्तेकडून छळ सोशीत आले होते. तिजविषयीं त्यांना आस्था उरली नव्हती.

यरुशलेम शरण आलें, तेव्हां तेथील ख्रिस्ती लोकांस जिझिया कराच्या अटीवर जीविताचें व मंदिरांचें अभय मिळालें. पुढें अनुयायांनीं हक्क सांगूं नये, म्हणून उमर यांनीं तेथील मुख्य ख्रिस्तमंदिरांत नमाज पढण्याचें टाळलें, अशी परंपरागत कथा आहे.

६४४ मध्यें मदिनेंत एका इराणी गुलामानें केलेल्या वारांनीं त्यांचा अंत झाला.

तरवारीनें राज्यें जिंकलीं, हें खरेंच. परंतु तेथील बहुसंख्य प्रजा मुसलमान होण्यास पुढें कित्येक शतकें लागलीं. परधर्माचा इतिहास लिहितांना आपल्या विद्यार्थ्यांनीं हा भेद विसरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.