जेसी ओवेन्स

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील ओकव्हिल या खेड्यात १२ सप्टेंबर १९१३ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जेसी ओवेन्सचा जन्म झाला. त्याचे आजोबा गुलाम होते. वडील दुसऱ्याची जमीन बटाईने करीत. जेसी नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब उत्तरेकडील क्लीव्हलँड शहरी राहावयास गेले. त्याचे खरे नाव जेम्स क्लीव्हलँड; घरी त्याला ‘जे. सी.’ म्हणत. नव्या शाळेतील बाईंना त्याचा दक्षिणी उच्चार नीट कळला नाही. त्यांनी ‘जेसी’ असे लिहून घेतले आणि तेच नाव कायम झाले.

शाळा सुटल्यावर जेसीला जोडे दुरुस्तीच्या दुकानात काम करावे लागे. मग धावण्याच्या सरावास सवड कोठून मिळणार? चार्ल्स रायली या शिक्षकांनी ही अडचण ओळखली व शाळा भरण्यापूर्वीच ते त्याचा सराव घेऊ लागले. पुढे जेसी ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. तेथे त्याला शिष्यवृत्ती नव्हती. लिफ्ट चालवून तो आपला खर्च भागवी. कृष्णवर्णीय असल्यामुळे विद्यापीठाच्या वसतिगृहातही त्यास जागा नव्हती.

२५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे आंतरविद्यापीठ सामने होते. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे जेसीची पाठ इतकी दुखत होती, की त्याला नीट वाकताही येईना. तरीही तो मैदानात उतरला. शंभर यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत जिंकून त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. दहाच मिनिटांनी त्याने लांब उडी घेतली. त्या दिवशी त्याने उडी एकच मारली. पण ती ८.१३ मीटर भरली! हा उच्चांक पुढे पंचवीस वर्षे कोणालाही मोडता आला नाही. त्यानंतर २२० यार्डांची शर्यत व तेवढ्याच अंतराची अडथळ्यांची शर्यत, या दोहोंतही त्याने नवे विक्रम केले. हे सारे अवघ्या पाऊण तासात घडले.

पुढच्याच वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती आणि आपला वंशच श्रेष्ठ, असा तिचा डांगोरा चालला होता. त्याच बर्लिनमध्ये जेसीने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि सांघिक रिले अशी चार सुवर्णपदके मिळविली. लांब उडीत दुसरा आलेला जर्मन खेळाडू लुट्स लाँग याने सर्वांदेखत त्याचे अभिनंदन केले.

मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये जेसीची मोठी मिरवणूक निघाली. परंतु त्याच्याच सत्कारासाठी ज्या हॉटेलात समारंभ ठेवला होता, तेथे त्याला सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीही त्याला भेटीस बोलावले नाही. ऑलिंपिकनंतरचा युरोपचा दौरा अर्धवट सोडून तो घरी आला होता. म्हणून क्रीडासंघटनेने त्याला हौशी सामन्यांतून दूर केले. तेविसाव्या वर्षीच त्याची स्पर्धा संपली. चार सुवर्णपदके घरी होती, पण पोट कसे भरावे? अखेर तो पैशासाठी घोड्यांशीही धावला. सुटतेवेळी पिस्तुलाचा बार होताच घोडा बिचके. तेवढ्यात जेसी पुढे निघून जाई.

मायदेशाने त्याची खरी कदर केली ती उशिरा. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ३१ मार्च १९८० रोजी जेसीचे निधन झाले. चार वर्षांनी बर्लिनमध्ये, त्याच ऑलिंपिक क्रीडांगणाजवळच्या एका रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले.