बाबासाहेब बोलायला उभे राहतात तेव्हा



आपल्या करंजाच्या धक्क्यावर माणसं किती मोकळ्या आवाजात बोलतात! वारा कितीही असो, हाक बरोबर पलीकडच्या होडीत पोचते. पण तोच मुलगा उरणला, पनवेलला नाहीतर बंदरातल्या कचेरीत साहेबांसमोर उभा राहिला की त्याचा घसा कोरडा पडतो. येत असलेलं उत्तरसुद्धा आठवत नाही. मुलाखतीला गेलेल्या मुलीची तीच गत. घरी आल्यावर सगळं आठवतं, पण तेव्हा त्याचा काय उपयोग?

अशा वेळी आपण म्हणतो की बोलणं हे देणं असतं, बाबासाहेबांना ते जन्मतःच होतं. असं म्हटलं की आपण मोकळे! पण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र नीट पाहिलं तर दिसतं वेगळंच. त्यांचा आवाज त्यांनी मेहनतीने कमावलेला होता, आणि तोही जिथे त्यांचा आवाज कुणाला नको होता अशा ठिकाणी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी यांनी पोराकडून इंग्रजी घोटून घेतलं, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे गिरवून घेतले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना एके दिवशी मास्तरांनी गणित सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव पुढे येताच मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले, कारण काय तर विटाळ! चारचौघांत पुढे येण्याचा असा अनुभव ज्या मुलाला आला, त्याने कायमचं मागच्या बाकावर बसायचं ठरवलं असतं तर कोणी दोष दिला असता? पण त्यांनी पुढे जाणं सोडलं नाही.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. वय अवघं २५. विषय स्वतःच्या जिवाला झोंबणारा, पण मांडणी मात्र अभ्यासकाची. लाखोंच्या सभा पुढे झाल्या. सुरुवात अशा लहानशा खोलीत होती, हे आपण विसरू नये.

भारतात परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थी त्यांना मोजायलाच तयार नव्हते. अस्पृश्य माणूस आम्हाला काय शिकवणार, असा त्यांचा आविर्भाव. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायलाही काही सहकाऱ्यांचा विरोध होता. आता विचार करा, ज्या कचेरीत पाण्यापासून अपमान आहे तिथे उभं राहून तास-तास बोलायचं! बाबासाहेब वर्गावर चिडले नाहीत. त्यांनी व्याख्यानाची कसून तयारी केली आणि विषय असा उलगडून सांगितला की हळूहळू वर्ग गप्प बसून ऐकू लागला. पुढे पुढे तर दुसऱ्या कॉलेजातले विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसत. मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले.

याच नोकरीच्या काळात, २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. समोर मोठे अधिकारी, विषय मताधिकाराचा. त्यांनी लेखी निवेदन आधीच तयार करून दिलेलं होतं. जे लिहून पक्कं केलेलं असतं, ते प्रश्नांच्या माऱ्यात सहसा डगमगत नाही.

१९२३ पासून त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरला काम कोण देणार? उत्पन्न तुटपुंजं, म्हणून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. पण १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकर मंडळींच्या बाजूने ते पुण्याला अपिलात उभे राहिले आणि झालेली शिक्षा रद्द करवून घेतली. असे वादंगाचे खटले आवाज चढवून जिंकता येत नाहीत, तिथे कायद्याचा नेमका मुद्दा लागतो.

पण खरी कसोटी पुढेच होती. १७ डिसेंबर १९४६, दिल्ली. संविधान सभा ९ तारखेला सुरू झालेली. पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. मुस्लिम लीग सभेत नव्हती, म्हणून ठराव जरा पुढे ढकलावा अशी उपसूचना बॅरिस्टर जयकरांनी आणली आणि सभागृह त्यांच्यावर चिडलं. अशा तापलेल्या वातावरणात अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी एकदम बाबासाहेबांचं नाव पुकारलं! त्यांच्या आधी वीसेक वक्त्यांची नावं होती, त्यामुळे आज आपली पाळी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. वेळही मोजून दहा मिनिटांची. त्यात मत जयकरांच्याच बाजूचं, म्हणजे सभागृहाच्या विरुद्ध.

बाबासाहेबांनी काय केलं? पुरेशी तयारी करता आली नाही, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यात कमीपणा मानला नाही. मग ते मुद्द्यावर आले. ठरावात हक्क सांगितले, पण ते मोडले गेले तर उपाय कोणता हे सांगितलं नाही, ही उणीव दाखवली. आज आपण गटागटांत विभागलेले आहोत, मीही कदाचित एका गटाचा पुढारी असेन, पण हा देश एक होईल याची मला खात्री आहे, असं त्यांनी मांडलं. कायदा तुमच्या बाजूने आहे की नाही हे बाजूला ठेवा, या घडीला शहाणपण कशात आहे ते बघा, असं समजावलं. जयकरांवर चिडलेल्या त्याच सभागृहाने हे भाषण शांतपणे ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या. ठरावावरचं मतदान त्या वेळी झालं नाही. तो २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

त्या दिवशी हातात टिपणं नव्हती, पण मागे तीस वर्षांचं वाचन होतं. आयत्या वेळी तोंडात आलेले शब्द आयत्या वेळी तयार झालेले नव्हते.

पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून संविधानाच्या मसुद्यावर आलेल्या सूचनांना त्यांनी सभागृहात उत्तरं दिली. ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती साथ देत नव्हती. तरी पटलेली सूचना मान्य करायची, न पटलेली कारण देऊन नाकारायची, हा क्रम २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत चालला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

बंधू-भगिनींनो, उद्या साहेबांनी अचानक विचारलं तर काय करायचं? आपल्या कामाची माहिती आदल्या दिवशीच लिहून काढायची. घाई न करता मुद्द्यावर यायचं. माहीत नसेल तर तसं सरळ सांगायचं, उगाच ठोकून द्यायचं नाही. समोरचा टोमणा मारो, उत्तर प्रश्नालाच द्यायचं.

आणि सवय कुठे करायची? आपल्याच विहारात. रविवारच्या वंदनेनंतर एका मुलाला किंवा मुलीला पाच मिनिटं उभं करा, वाचलेलं सांगू द्या. वडीलधाऱ्यांनी दोन प्रश्न विचारावेत. ते पोर अडखळलं तर कोणी हसू नये. फळ्याजवळ जाणाऱ्या त्या मुलाच्या वाटेत डबे हलवणारे पुष्कळ होते. आपल्या मुलांच्या वाटेत निदान आपण तरी तसे नको.

जयभीम! नमो बुद्धाय!