सखुबाईंचा देबू

भगिनींनो, गाडगेबाबा म्हटले की आपल्याला त्यांचा खराटा आणि मातीचे गाडगे आठवते. त्यांच्या आईची, सखुबाईंची, आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. म्हणून मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

अमरावती जिल्ह्यातील शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी देबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी, जातीने परीट. त्यांना दारूचे व्यसन जडले आणि त्यातच १८८४ साली ते वारले. पिणारा सुटला, मागे राहिली विधवा आणि आठ वर्षांचे पोर. सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आल्या. देबू मामाची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालण्याची चाल होती. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. १९०५ साली घर सोडून ते गावोगाव झाडीत, कीर्तन करीत हिंडले. पण दारूबंदी त्यांनी आधी आपल्या अंगणात केली, हे मला फार मोठे वाटते. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले.

आज डॉक्टर व्यसनाला आजार मानतात, त्यावर उपचारही होतात. झिंगराजींना ती सोय नव्हती. तेव्हा घरात कोणी पीत असेल तर लाजेने झाकू नका, दवाखान्यात न्या. आणि हो, आपल्या मिश्रीच्या डबीतही तंबाखूच असते, बरे का!